कावीळ नव्हती

गंगाखेड,
रविवार

प्रिय ऋतुजा,

आईविना वाढलेल्या आपण दोघी. आईबद्दल या घरात कुणी धड काही सांगितलं नाही, ही तुझी कायमची तक्रार, आणि मीही तुझ्या बाजूनं बोलत आले. ते ढोंग होतं. मला सगळं माहीत होतं. हे पत्र दार लावून वाच. गुरुवारी फोनवर तू डाव्या बाजूच्या गाठीचं बोललीस. दीड महिना झालाय, दुखत नाही, आणि तुझ्या सासूबाई पार्वतीबाई म्हणतात की दुधाची आहे. मी हसले, रुद्रेशला त्याच बाजूला जास्त पाज म्हणाले. ते माझं बोलणं आधी डोक्यातून काढून टाक.

काल परभणीला त्या संशोधनाचा मेळावा होता. तरुण बायकांना स्तनाचा कर्करोग का होतो हे शोधायला नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चाळिशीच्या आतल्या शेकडो बायकांची नावं नोंदवली. त्यात मीही होते. दरवर्षी फोन करून ते आमची विचारपूस करतात. कालची प्रमुख वक्ता मीच, आणि ‘लाज सोडा, बोला’ हा विषयही माझाच. येलदरीपासून बोरीपर्यंत हे भाषण मी इतक्यांदा ठोकलंय की तुला ते पाठ असेल. माझ्या आधी डॉक्टर धम्मशीला बोलल्या. कागदातून मान वर न काढणारी शांत बाई. म्हणाल्या, पुढं आजारी पडलेल्या कितीतरी जणींच्या अर्जात ‘आईला हा आजार होता का’ यापुढं ‘नाही’ लिहिलेलं होतं. घरी जाऊन विचारलं तर कुणाची आई टायफॉइडनं गेलेली, कुणाची करणीनं. खोदून विचारल्यावर खरं बाहेर आलं. ज्यांनी ‘हो’ लिहिलं, त्यांच्या बहिणींनाही दरवर्षी तपासणीला बोलावतात. मग त्यांनी चष्मा काढला. “खोट्या ‘नाही’मुळं किती बहिणी आमच्या हातून निसटल्या, ते आम्हाला कळणारच नाही.”

माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले आणि तोंडातून शब्द निघेना. वीस वर्षांत पहिल्यांदा. लोकांना वाटलं चक्कर आली. कुणीतरी पाणी आणलं, मला खाली बसवलं. ऋतुजा, त्यातला एक ‘नाही’ माझा होता.

आईला कावीळ नव्हती. तिच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी छातीवर टेकायची. एक दिवस मला म्हणाली, “दोरा चार बोटं वाढव गं, डबी टोचायलीय.” मी चौदा वर्षांची. वाढवून दिला. पुढं आणखी दोनदा वाढवला. मग जखम झाली, चिघळली. कापूस मीच बदलायचे, आणि तुला वास येऊ नये म्हणून शेजारच्या दगडाबाईंकडं खेळायला धाडायचे. छत्तिसाव्या वर्षी ती गेली. अप्पांनी मला बजावलं, कुणी इचारलं तर कावीळ म्हणायचं, दोन पोरी उजवायच्यात.

अप्पांना मी आयुष्यभर बोल लावले. पण अर्ज भरताना अप्पा तिथं नव्हते. त्याच आठवड्यात बोरीची मंडळी तुला बघून गेली होती. तुझ्या सासऱ्यांच्या, बसवेश्वररावांच्या घरी हे कळलं तर सोयरीक मोडेल, एवढाच विचार केला आणि ‘नाही’वर खूण केली. इतकी पुस्तकं वाचलेली, सभा गाजवणारी मी! पुढं आठ वेळा फोन आला, आठ वेळा मी ‘काही बदल नाही’ म्हणाले. तुझं लग्न झाल्यावरसुद्धा. तुला एकदाही बोलावणं आलं नाही, ते माझ्यामुळं. काल तिथंच अर्ज काढायला लावून दुरुस्त केला.

फोन केला नाही, कारण तुझ्या घरात फोन सगळ्यांच्या मध्ये बसून घेतात. तू संकोचली असतीस आणि मी पुन्हा वेळ मारून नेली असती. गाठ दुधाची असेलही. पण ते पार्वतीबाईंनी नाही, डॉक्टरांनी सांगायचं. आपला चुलतभाऊ भुजंग उद्या पहाटेच्या एसटीनं हे पत्र तुझ्या हातात देईल. डॉक्टर धम्मशीला परभणीला दुपारी बारापर्यंत तुझी वाट बघणार आहेत. मी दवाखान्याच्या दारातच असेन. घरात कुणी अडवलं तर हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव, नावं ठेवायची तर मला ठेवतील. परवानगी मागत बसू नकोस. रुद्रेशला कडेवर घे आणि भुजंगबरोबर आत्ता निघ.

तुझीच,
रुद्राणी अक्का