पहिली टाळी

५ जाने., रवि.
चार वाजता ‘रविवार चार’ या आमच्या जॅझ ऐकणाऱ्या ग्रुपची बैठक. आज एक जुनं त्रिकूट होतं: पियानो, डबल बास आणि ब्रशने वाजवलेले ड्रम. ग्रुपवर ‘तीन, दोन, एक’ पडलं की कुणी पुण्यात, कुणी गोव्यात, मी शहाद्यात, सगळे एकदम प्ले दाबतो. मग तासभर नुसतं लिहिणं. ‘बासवाल्याकडे लक्ष द्या’, ‘अहाहा’, ‘मेलो’. यांतल्या निम्म्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत, पण कोण कुठल्या जागी ‘मेलो’ म्हणणार ते सांगू शकतो.

रं. कापूस निवडायला बायका आल्या होत्या त्यांना चहा देताना म्हणाली, ‘‘आमना यास्ना देव चार वाजता उठस.’’ बायका हसल्या. सव्वीस वर्षं झाली लग्नाला, जॅझ म्हणजे तिच्या लेखी भांडी पडल्याचा आवाज.

बैठक संपल्यावर मोठेपणा सुचला. युसूफचाचांचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. परवा त्यांच्या दुकानात बसलो होतो, सॅक्सोफोनची गळणारी गादी बदलून ते सहज फुंकून बघत होते, तेव्हा मोबाइल चालू ठेवला होता. त्यांना विचारलं नाही. नाव नाही लिहिलं, फक्त ‘आमच्या गावचे लग्नातले बँडवाले’ असं लिहिलं.

६ जाने., सोम.
सकाळी उठून बघतो तर एकशे चाळीस मेसेज.

‘हा माणूस कोण?’ ‘असा सूर कुठे शिकला?’ ‘मागे कुकरची शिट्टी वाजते ती काढू नका, सुंदर आहे.’ ती शिट्टी खरीच. बँड बंद पडल्यापासून चाचा कुकर दुरुस्त करतात.

तीस वर्षांत या तालुक्यात मी ऐकतो त्या गाण्याबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. आज कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावताना मी चक्क शीळ घालत होतो.

१२ जाने., रवि.
शर्वरीताईंचा फोन. त्या बडोद्याच्या, ग्रुप त्याच चालवतात. दर वर्षी त्यांच्याकडच्या छोट्या हॉलमध्ये ग्रुपची प्रत्यक्ष मैफल असते, मी तीनदा गेलोय. या खेपेला १५ फेब्रु. म्हणाल्या, ‘‘किशोरभाई, चाचांना घेऊनच या. दोन चिजा वाजवू देत.’’

हो म्हणालो. चाचांना न विचारताच हो म्हणालो.

१५ जाने., बुध.
यु.चा.कडे गेलो (पूर्ण नाव लिहायला हात दुखतो). आधी रेकॉर्डिंगचं कबूल केलं. रागावले नाहीत, कोण कोण काय म्हणालं ते दोनदा वाचायला लावलं. चष्मा काढून पुसला. मग कामाचे प्रश्न.

‘‘वरात कोनी शे?’’
वरात नाही म्हटलं. लोक खुर्च्यांवर बसून ऐकतात.
‘‘बठीसन? नाचतस नई कोनीच?’’
नाही.
‘‘मंग मी कोनाकडे देखू? वरातमा मास्तरकडे देखतस. तठे मास्तर कोन?’’
मी म्हटलं, माझ्याकडे बघा. मी पहिल्याच रांगेत बसतो.

खूश झाले. माझ्या लग्नात यांचाच बँड होता, लाल कोट, सोनेरी नाडी, आणि सॅक्सोफोनवर हेच. वरात पोचायला तीन तास लागले होते, कारण मीच घोड्यावरून ‘अजून, अजून’ करत होतो.

२ फेब्रु., रवि.
रोज संध्याकाळी असरच्या नमाजानंतर तासभर बसतो आम्ही. शर्वरीताईंनी पियानोवाल्याची साथ रेकॉर्ड करून पाठवली, ती मोबाइलवर लावायची आणि चाचांनी वर वाजवायचं. पहिले तीन दिवस फक्त हसत होते: ‘‘हाऊ मानूस सम सोडीसन भटकी ऱ्हायना.’’ चौथ्या दिवशी तेच भटकायला लागले. आज तर असे कुठल्या कुठे गेले आणि अलगद परत आले की मला दुकानातून बाहेर येऊन उभं राहावं लागलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. कुकरचं झाकण घेऊन आलेली बाई माझ्याकडे बघत होती.

त्यांना बँडचा लाल कोट घालायचा आहे. सून नसीमने पेटीतून काढून उन्हात टाकला होता. मी म्हटलं, कोट नको चाचा, तिथे साधं असतं, पांढरा शर्ट बरा. ‘‘बरं’’ म्हणाले. कोटाची घडी घातली.

१४ फेब्रु., शुक्र.
नंदुरबारहून सुरत, तिथे गाडी बदलून बडोदा. स्टेशनला येताना पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीचा खकाणा उडत होता, रिक्षात दोघांनाही शिंका. चाचांनी सॅक्सोफोनच्या पेटीवर स्वतःची शाल टाकली आणि स्वतः शिंकत बसले. गाडीत नवापूरपर्यंत झोपले. जागे झाल्यावर नसीमने दिलेली भाकरी-चटणी काढली. म्हणाले, बँडला बोलावणं म्हणजे टेम्पोत मागे बसून जाणं, आज पहिल्यांदा खिडकी मिळाली.

१६ फेब्रु., रवि., परतीच्या गाडीत
काल लिहिणं जमलं नाही. आज लिहितो, सरळ लिहितो.

दुपारी तालीम झकास झाली. पियानो, बास, ड्रम तिघे तरुण, चाचांच्या पाया पडले. रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी असं वाजवलं की ड्रमवाल्याने मान खाली घालून हसत डोळे मिटले.

संध्याकाळी हॉल भरला, ऐंशीएक माणसं. ग्रुपमधली कितीतरी नावं पहिल्यांदा हाडामांसाची दिसत होती. चाचांची पाळी आली. डोळे उघडे, नजर माझ्यावर. दोन मिनिटं वाजवलं असेल. मग एक जागा घेतली वरची, ती सोडून खाली उतरले आणि मधेच असं वळण घेऊन एका सुरावर थांबले की मला राहवलं नाही. मी टाळी वाजवली. आमच्याकडे, म्हणजे जॅझवाल्यांकडे, एकट्याचं वाजवणं चालू असतानाच दाद देतात. लगेच अख्खा हॉल.

चाचा थांबले.

सूर अर्धा तोंडात होता, तो तिथेच तोडला. सॅक्सोफोन खाली, पाय जुळवले, ताठ उभे. तिघे वाजवतच होते. पियानोवाला मानेने बोलावतोय, वाजवा, वाजवा. चाचा त्याच्याकडे बघून पुढच्या गाण्याची वाट पाहत राहिले. ते आलं नाही. मग कपाळाला हात लावून सलाम केला आणि पायऱ्या उतरून खाली आले. कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. प्रेमाने हसले असं शर्वरीताई म्हणतात, असेलही.

वरातीच्या गोंगाटात बोललेलं ऐकू जात नाही. मास्तरने हात वर करून टाळी दिली की तोड. असाल तिथे, असेल तो सूर सोडायचा. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून बघतोय. घोड्यावर बसून बघितलंय. महिनाभर रोज त्या माणसासमोर बसलो आणि एवढं एक सांगायचं सुचलं नाही.

ते बाहेरच्या पायरीवर बसून सॅक्सोफोनच्या तोंडाची पत्ती पुसत होते. मी समजावलं, आवडलं म्हणून टाळ्या होत्या.
‘‘आवडनं त मंग मधमाच कसाले?’’
तीस वर्षं ऐकतोय, हा प्रश्न पडला नव्हता.

दुसरी चीज वाजवली नाही. आता समोर झोपलेत, किंवा झोपल्यासारखे बसलेत. पहिली टाळी माझी होती हे मी सांगितलेलं नाही.

१९ फेब्रु., बुध.
कुणीतरी क्लिप काढली होती. चाळीस सेकंद. ग्रुपवर ‘जगातला सगळ्यात नम्र सोलो’ म्हणून फिरतेय, खाली हसून लोळणारी तोंडं. ही तीच माणसं. हीच ‘मेलो’ म्हणतात.

शर्वरीताईंना फोन केला. त्यांनी लगेच काढली, लोकांना झापलंही. पण तोवर गेली होती बाहेर.

रं.ला सगळं सांगितलं, टाळीचंसुद्धा. पोळी लाटत होती, थांबली. ‘‘कोट का घालू देना नई त्यास्ले? लाज वाटनी ना तुमले?’’
वाटली होती. खोटं कशाला लिहू.

२४ फेब्रु., सोम.
क्लिप शहाद्यात पोचली.

बस स्टँडवर मी डोळ्यांनी बघितलं. चाचा रस्ता ओलांडत होते, हातात कुकर. रिक्षावाल्यांपैकी एकाने हात वर करून दोन टाळ्या दिल्या. बाकीचे खिदळले. इथे सगळ्यांना माहीत आहे टाळी म्हणजे काय, इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चाचा थांबले नाहीत. मान खाली घालून चालत राहिले. मी रिक्षावाल्याजवळ गेलो, भांडायला म्हणून, आणि तसाच परत फिरलो. मी कोणत्या तोंडाने बोलू.

दुकानात गेलो. म्हणाले, ‘‘तुन्ही काई चूक नई, भाऊ. तू त माले मान दीसन लई गया.’’
हे ऐकण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. तरी टाळीचं बोललो नाही. चहा पिऊन आलो.

२ मार्च, रवि.
आजपासून रोजे. रमजानमध्ये यु.चा. वाद्याला हात लावत नाहीत, कधीच नाही लावला. त्यामुळे आता ती पेटी बंद आहे ती रोज्यांमुळे की माझ्यामुळे, कळायला मार्ग नाही. मनाला सांगतो रोज्यांमुळे.

चारची बैठक. ‘तीन, दोन, एक’ आलं. मी दाबलं नाही. कापसाच्या गाठोड्यावर बसून राहिलो. रं.ने डोकावून बघितलं आणि गेली.

१३ मार्च, गुरु.
होळीचा बाजार. नसीम भेटली, खजूर घेत होती. म्हणाली, अब्बा हल्ली स्टँडवरून जात नाहीत, मागच्या गल्लीने वळसा घालून येतात. सॅक्सोफोनला गिऱ्हाईक आलं होतं, दोंडाईच्याचा एक बँडवाला. ‘‘दिया क्या?’’ विचारलं. ‘‘अब्बा बोले, ईद के बाद देखेंगे.’’

एक माणूस शाबूत होता या गावात, आणि मला तो जगाला दाखवायची घाई होती.

३१ मार्च, सोम. ईद
दर वर्षी सकाळी शीरखुर्म्याला जातो. या वर्षी दुपारपर्यंत घरातच रेंगाळलो. शेवटी रं.नेच बाहेर काढलं: ‘‘जा ना, बोली टाका एकदाव.’’

चाचा नवा कुडता घालून ओट्यावर. मिठी मारली. शीरखुर्मा आला. वाटी हातात धरूनच सांगितलं: चाचा, त्या दिवशी पहिली टाळी मी वाजवली.

नसीम आत गेली. चाचांनी माझ्या वाटीत अजून एक चमचा वाढला.
‘‘माले म्हाईत शे.’’
मग चमचा खाली ठेवून: ‘‘तूच सांगं ना, मन्हाकडे देख. मी तुन्हाकडेच देखी ऱ्हायनू व्हतू. तुन्हा हात उठना, मी थांबनू. दुसरा कोनी वाजाडता त मी थांबतू नई.’’

म्हणजे दीड महिना हा माणूस हे जाणून होता. मी दुकानात बसत होतो, चहा पीत होतो, आणि तो वाट बघत होता मी कधी बोलतो याची. ‘तुन्ही चूक नई’ म्हणाला होता ते हे माहीत असताना.

मी माफी मागितली. ते म्हणाले, शीरखुर्मा थंड होतोय.

सॅक्सोफोनचं विचारायची हिंमत झाली नाही. पेटी खुंटीखाली होती, एवढं बघून आलो.

६ एप्रि., रवि.
शर्वरीताईंचा लांबलचक मेसेज. पावसाळ्याआधी पुन्हा एक मैफल करू, चाचांना बोलवू, ग्रुपला माफी मागायची आहे, टाळ्या अजिबात न वाजवता ऐकू. चांगल्या मनाने लिहिलंय. मी ‘बघतो’ लिहिलं. मग तेही खोडलं. आता या माणसाच्या वतीने मी काही ‘बघणार’ नाही. ताईंना चाचांचा नंबर दिला, थेट विचारा म्हटलं. उत्तर काय येईल देव जाणे.

१७ एप्रि., गुरु.
कॉलेजला निघालो होतो, सकाळचे साडेनऊ. सायकल चाचांच्या गल्लीत वळवली, का ते माहीत नाही. शटर गुडघ्याएवढं वर. बाहेर दोन कुकर, त्यांना चिठ्ठ्या बांधलेल्या. आणि आतून सॅक्सोफोन.

आधी वाटलं दोंडाईच्याचा माणूस वाजवून बघतोय. मग ते वळण आलं आणि ओळखलं. बडोद्याची चीज नव्हती, बँडची कुठली नव्हती, पियानोवाल्याचीही नाही. कुठून कुठे चाललेत कळत नव्हतं. एकदा चुकले, मागे गेले, चुकीतूनच पुढे गेले. इतकं चांगलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. जगात कुठे कुणालाच ऐकलं नव्हतं.

वाकून शटरखालून आत जायचं मनात आलं. गेलो असतो तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.

भिंतीला सायकल टेकवून बाहेरच उन्हात उभा राहिलो. मोबाइल खिशात होता, खिशातच राहू दिला. ते वाजवतच होते, संपवायचं नावच घेईनात, आणि मला निघावं लागलं. कॉलेजात वीस मिनिटं उशीर. मस्टरवर कारण लिहायचं असतं, ‘घरगुती’ लिहिलं.