कॉम्प्युटरचा झगा

२ मार्च, रविवार
आणि सगळ्यात आधी टपकली कोण, तर समोरची रिटायर मास्तरीण. कॉल पाचचा, ही साडेचारलाच खुर्ची ओढून मधोमध. म्हणे, नात नीट दिसायला हवी. नात माझी, बघायची घाई हिला.

पाचला लेक दिसला, सून दिसली, नात दिसली. नातीचा पुढचा दात पडलाय. खिंडार दाखवायला तोंड उघडलं तेवढ्यात कॉम्प्युटर घरघरला आणि सगळं काळं. चार मिनिटं झाली होती. हात लावला तर तापानं फणफणलेला. पुन्हा कॉल आला नाही. लेक समजूतदार, यंत्राला विश्रांती हवी हे त्याला कळतं. मास्तरीण म्हणाली, वहिनी, तुमचा साधा फोन आहे की, त्यावर करता आला असता. तिला यंत्रातलं काही कळत नाही.

५ मार्च
कारण सापडलं. धूळ. समोरचा रस्ता खोदलाय. गेल्या वर्षी सगळे आले होते तेव्हा लेकानं स्वतः कॉम्प्युटर बसवून दिला आणि बजावलं, आई, धुळीपासून जप. म्हणून तर मी कॉम्प्युटरच्या डब्याला झगा शिवला, जुन्या पडद्याचा, चारी बाजूंनी बंद, खाली नाडी. चालू असतानाही काढत नाही. धूळ काय वेळ बघून येते? आज आतून अस्तर लावलं. चौथी नापास बाईचं डोकं, पण चालतं.

९ मार्च, रविवार
तीन मिनिटं. दाताचं राहिलंच.
अस्तर पातळ पडलं असणार.

१२ मार्च
दुरुस्तीवाला आला. माझ्याच वयाचा, चष्मा दोरीनं बांधलेला, गुडघे माझ्यापेक्षा वाईट. मी तेल लावायला सांगितलं. तर काय लिहीत होते. त्यानं झग्याची नाडी सोडली आणि विचारलं, मावशी, याला थंडी वाजत होती का? म्हणे याला जाळीतून श्वास घ्यावा लागतो, तुम्ही तोंडावर गोधडी घातलीत. आत पंख्यावर धुळीची गादी. गॅलरीत नेऊन ब्रशनं झाडलं, ब्लोअर मारला. मी मेली वर्षभर बाहेरची धूळ अडवत बसले, आतली आतच जमत होती.

जाळीत नातीची चंदेरी चांदणी सापडली, वहीवर चिकटवायची असते तसली. ती टाकू दिली नाही. इथे चिकटवते. चिकटत नाही, टाचणी मारली.

दोन तास चालू ठेवून दाखवला. गार. आता दिवसभर चालेल म्हणाला, झगा मात्र घालायचा नाही. लेकाला आत्ता कळवत नाही. रविवारी एकदम चकित करीन. तासभर तरी बोलू.

१५ मार्च
काय काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. दात. सुनेची पाठ. लेकाचं जेवण वेळेवर होतं का. मास्तरणीची मांजर. दोन्ही बाजू भरल्या.

१६ मार्च, रविवार
दुपारपासूनच चालू करून ठेवला. नवी साडी. मास्तरीण आज कडेला बसली, आपणहून.

कॉल आला. नातीनं दात दाखवला, नवा डोकावतोय. मी कागद उलगडला. लेकानं मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाला, आई, ठेवतो गं, तुझा कॉम्प्युटर तापेल, उगाच बंद पडायचा.

माझा हात डब्यावरच होता. फरशीसारखा गार.

मी म्हटलं, हो रे, तापायला लागलाच आहे.

चार मिनिटं. मास्तरणीनं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग छतावरचा पंखा निरखत बसली. जाताना माझा कागद घडी करून माझ्याच हातात दिला.

लेक लहानपणापासून वस्तू जपणारा. पाटीसुद्धा फोडली नाही कधी.

डब्याला झगा घातला, अस्तरासकट. नाडी घट्ट बांधली. पुढच्या रविवारी तापलेला असला म्हणजे बरं. नाहीतर बिचाऱ्या लेकाला ऐनवेळी काय सांगावं ते सुचायचं नाही.

कॉल ठेवता ठेवता लेक म्हणाला, सुट्टीत येतो सगळे. तारीख मीच विचारून घेतली. अठरा मे, रविवार.