आईच्या ताटासमोरचा फोन

कोथरूड, पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

श्री. पुष्कर यांस,

नमस्कार. मी श्रीधर, शैलाकाकूंचा मुलगा. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी आई आमच्या स्वयंपाकघरात जो वर्ग घेते, त्यात तुम्हाला भाज्या धुऊन देणारा आणि नंतर ओटा पुसणारा. नाव लक्षात नसेल तर हरकत नाही. वर्गात सगळे मला दादाच म्हणतात.

इकडे सगळं ठीक आहे, असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे. पहाटे थंडी पडू लागली आहे. आमच्यासमोरचा रस्ता पुन्हा खोदला आहे. तुमच्या मेलबर्नला आता उन्हाळा येत असेल आणि परीक्षा संपत आल्या असतील. हे पत्र मी आधी कच्चं लिहून मग उतरवलं आहे. मी बारावी पूर्ण केली नाही, पण चुका असलेलं पत्र कुणाला पाठवलेलं नाही.

आईची तब्येत बरी आहे. वर्ग मात्र बंद आहे. फेब्रुवारीत जाणाऱ्या मुलांचे पालक विचारत येतात, ती नाही म्हणते. परवा एका मुलीच्या आईला म्हणाली की मुलं शिकून जातात आणि आपण मागे उगाच वाट बघत बसतो. वाट कुणाची, ते तुम्हाला कळलं असेल.

जूनच्या वर्गात तुम्हाला पोळी जमत नव्हती. आईनं तुमच्या हातांवर हात ठेवून लाटणं फिरवलं. मला तिनं असं कधी शिकवलं नाही. मी बघून बघून शिकलो आणि माझ्या पोळ्या गोल होतात. तुम्ही निघालात तेव्हा तिनं स्वतःचं फोडणीचं लोखंडी कढलं तुम्हाला दिलं. तिथे कुठे मिळणार त्याला, म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे फोडणी पातेल्यात होते आणि मोहरी माझ्या हातावर उडते. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, असं लिहिणार होतो. पण तक्रारच आहे.

मग तुमचे फोन सुरू झाले. तुमची रात्रीच्या जेवणाची वेळ म्हणजे आमची दुपार. आई ताटासमोर तांब्याला फोन टेकवून ठेवायची, तुमचा कुकर होईपर्यंत थांबायची आणि मग तुम्ही दोघं जेवायचात. मी कुरिअरच्या काउंटरवरून घरी यायचो तेव्हा माझं ताट झाकलेलं असायचं. आमटी गरम करून घे, असं ती खुणेनं सांगायची. तुम्ही तिकडून विचारायचात, काकू, हिंग आधी का हळद? रोज तेच. आणि ती रोज असं सांगायची, जसं काही तुम्ही पहिल्यांदाच विचारताय. एकदा मी म्हणालो, मीठ कमी आहे. तिनं फोनवरची नजरही काढली नाही.

"घे की वरून. हात आहेत ना?"

जो जातो त्याला कढलं. जो राहतो त्यानं मीठ वरून घ्यायचं.

दिवाळीनंतर तुमचे फोन थांबले. आई अजूनही तांब्याला फोन टेकवते. मी साहेबांना सांगून लवकर घरी येऊ लागलो, तिच्यासमोर बसू लागलो. ती दोन घास खाते आणि उठते. तो रमला असेल तिकडे, चांगलंच आहे, म्हणते. एकदा मी म्हणालो, मी आहे ना तुझ्याबरोबर जेवायला.

"तू आहेसच की रे. तू कुठे जातोयस?"

प्रेमानंच म्हणाली. माझ्या ताटात भातही वाढला.

आता काल काय झालं ते लिहितो. ते टाळतच इथपर्यंत आलो आहे. काल तुमच्या आई तुमचं पार्सल घेऊन काउंटरवर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, आईला बरं आहे का आता? पुष्कर म्हणत होता, काकूंना फोनचा त्रास होतो असं त्यांच्या मुलानं सांगितलं, म्हणून तो करत नाही. मी खोक्याला चिकटपट्टी लावत होतो, ती वाकडी लागली. आई बरी आहे, एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या,

"बरं केलंस हो. मला रविवारी दोन मिनिटं मिळायची. कसा आहेस विचारलं, तर म्हणायचा, शैलाकाकूंना सगळं सांगितलंय. आता मला रोज करतो."

आणि हसल्या. त्या दिवशी तुमचा फोन ठेवून मी जेवायला बसलो, तेव्हा मीही असाच हसलो असणार.

आईला कसलाही त्रास नव्हता. ती शेजारी गेली होती, फोन वाजला, मी घेतला. तिचं जेवण लांबतं आणि डॉक्टरांनी वेळेवर जेवायला सांगितलंय, असं मी तुम्हाला म्हणालो. डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नाही. तुम्ही लगेच म्हणालात, सॉरी दादा, माझ्या लक्षातच आलं नाही. त्याचाही मला राग आला. थोडा वाद तरी घालायचा होतात.

फोन करा. रोज नको, असं कच्च्या कागदावर लिहिलं होतं, ते खोडलं. रोज करा. तुमच्या आईंनाही करा, फक्त वेळ वेगळी ठेवा. इतके दिवस कुठे होतास, असं आईनं विचारलं तर माझं नाव सांगा. मी सांगायला म्हणून ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो होतो. तिनं मला कोथिंबीर निवडायला दिली आणि मी ती निवडली.

तुमचा पत्ता पार्सलवरून उतरवून घेतला आहे. असं करायचं नसतं, हे मला माहीत आहे. आईच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे. मेसेज केला असता तर आज दुपारीच तुमचा फोन आला असता. पत्र पोचायला बरेच दिवस लागतील. ती दोनच घास खाईल, दाराकडे नाहीतर फोनकडे बघेल, तरी तेवढे दिवस तिच्यासमोर मी बसणार आहे.

म्हणून पत्र.

आपला,
श्रीधर