शेळीवरून अडकलेलं कपाट

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर तशीही सरळ होत नाही, म्हणून लगे हाथ उरकून घेतला.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला की अजून पाहुणचार घेतोय? तुझं पत्र पोचलं. त्यातल्या मुख्य गोष्टीकडे शेवटी येतो. उत्तराला उशीर झाला तो एका शेळीमुळे. (शेळी अजून अस्तित्वात नाही, पण ऐकून तर घे.)

माझा जोडीदार पहिलवान तुला ठाऊकच आहे. घरसामान हलवायच्या कामाला आम्ही बरोबरच लागलो. तो एकटा फ्रीज उचलतो आणि झुरळ दिसलं की माझ्यामागे लपतो. जेवणाच्या सुट्टीत टेम्पोच्या फळीवर बसून आम्ही आमचं घर बांधतो, अर्थात तोंडानेच. गावाबाहेर दोन खोल्या, मागे काकडीचे वेल, थोड्या कोंबड्या आणि दुसऱ्याचं सामान कधीच उचलायचं नाही. त्याला सगळं पाठ आहे, तरी रोज म्हणतो, "सांग ना परत." मीही सांगतो. (पडदे तेवढे दर वेळी बदलतो. मलाही काही विरंगुळा नको का?)

तर मध्यंतरी त्याने मला न विचारता या घरात शेळी आणली. मी म्हटलं, ती माझ्या वेलांचा फडशा पाडेल. तो म्हणाला, पाडू दे, काकड्या काय, पुन्हा येतील. ताई, माझ्या काकड्यांबद्दल असं कुणी बोललेलं मला खपत नाही. (पेरलेल्या नाहीत, मान्य.) मी त्याला घराबाहेर काढलं. जाताना तो कोंबड्या घेऊन गेला. झालं, अबोला.

आमच्या कामात अबोला परवडत नाही. जिन्यावरून कपाट उतरवताना खालचा माणूस उलटा चालतो आणि वरच्याने त्याला पायरी, वळण ओरडून सांगायचं असतं. एरवी खाली पहिलवान असतो. त्या दिवशी मी रुसून आधीच खाली जाऊन उभा राहिलो. कपाट एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं. दोघांच्याही तोंडाला कुलूप. वळणावर मी भिंतीला टेकलो, तो ढकलतच राहिला आणि कपाट असं अडकलं की मी पोळपाटावरच्या कणकेसारखा चपटा झालो. बाई वरून कळवळून ओरडत होत्या, "अहो, कुणीतरी बोला!"

शेवटी कपाटापलीकडून बारीक आवाज आला, "शेळी कुंपणाबाहेर बांधली तर?"

माझे डोळे भरून आले. छाती दाबली गेली होती, पण तेवढंच कारण नव्हतं. त्याच्याशिवाय मला ते दिवस फार जड गेले होते. मी म्हटलं, चालेल. मग त्याने कपाट मागे ओढलं, मला डावीकडे व्हायला सांगितलं आणि आम्ही सुखरूप खाली आलो. बाईंनी चहा दिला आणि शेळीचं नाव काय ठेवणार ते विचारलं. पठ्ठ्याने तेही ठरवून ठेवलं होतं.

दाजींना नमस्कार, भाचीला पापा.

तुझा धाकटा

ता. क. दाजींच्या गोदामावर एक माणूस हवाय, मागची खोली आणि परसही मिळेल, असं तू लिहिलंस. पहिलवानाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ फळीवर पाय हलवत बसला. मग म्हणाला, "तू जा. कोंबड्या तूच ने. शेळीचं मी बघतो." म्हणून विचारतो, ताई, एकाऐवजी दोघं आलो तर चालेल का? खोली लहान असली तरी आम्ही मावतो.

ता. क. पुन्हा. दाजींपुढे शेळीचा विषय इतक्यात काढू नकोस. परसाला कुंपण आहे का, तेवढं बघून ठेव.