तो आमच्या ऑफिसचा आधारस्तंभ होता

३० जून, सकाळ

काल निवृत्त झाले. जिल्ह्यातल्या शाळांना जाणारं एकूण एक परिपत्रक ज्या टेबलावरून शुद्ध होऊन बाहेर पडायचं, ते टेबल काल मी रिकामं केलं. शिक्षण कार्यालयाच्या इंग्रजीचं आता काय होणार ते देव जाणे. मला कर्तव्य नाही.

निरोपसमारंभ छान झाला, असं लिहिणार होते. पण ही वही मी सोडून कोण वाचणार? खोटं कशाला लिहू?

माझं मानपत्र वाचायला जोनालिनला उभं केलं होतं. हिला नोकरीला मी लावलं. हिच्या लग्नात मी निनांग, म्हणजे धर्माची आई, म्हणून अल्टारसमोर उभी राहिले. आणि सोमवारपासून माझ्या खुर्चीत हीच बसणार. माईक घट्ट धरून, इंग्रजीत म्हणाली, "मिसेस आब्रेनिका. तो आमच्या ऑफिसचा आधारस्तंभ होता. तो कडक होता, पण मनाने लोण्यासारखा होता. त्याच्यासारखा पुन्हा होणे नाही."

तो! आणि होता! आधी माझा पुरुष केला, मग मला मारून टाकलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "देव त्याच्या आत्म्याला शांती देवो!" अख्खा हॉल हसून लोळला. सुपरिंटेंडंट साहेबांनी हसू लपवायला केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

आमच्या फिलिपिनो भाषेत 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द आहे, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून इंग्रजी बोलताना आमची माणसं घसरतात. बायकोचा 'तो' करतात, कोंबड्याची 'ती' करतात. पण शिकलेल्या माणसाने? कॉन्व्हेंटमध्ये या चुकीला सिस्टर आडेलहाइड कच्च्या मुगावर गुडघे टेकायला लावायच्या. माझे गुडघे त्या मुगाला कधी लागले नाहीत. आयुष्यात ही चूक माझ्या तोंडून गेलेली नाही.

असो. मी ख्रिस्ती बाई आहे. क्षमा केली.

३० जून, दुपार

क्षमा मागे घेतली. जेवताना अंबो तोच इंग्रजी 'तो' घालून म्हणाला, "आज भात तो वाढणार, की मी घेऊ माझा माझा?"

माझा नवरा दिवसभर अंगणात झुंजीच्या कोंबड्याशी बोलत बसतो. हाक मारली तर ऐकू येत नाही. नेमकं नको ते ऐकून आला.

२ जुलै

आजपासून जोनालिनचं नाव काढायचं नाही. ठरलं.

आज ती माझ्या खुर्चीत बसली असेल. जोनालिनला पाठीची उशी लागत नाही, तरी माझी ठेवून घेतली असेल. उशी मागायला जावं का? नको. म्हणेल, तो उशी विसरला.

९ जुलै

फेसबुकवर आले. खास ऑफिसच्या पानासाठी. मला वाटलं होतं तसंच आहे. 'ऑल स्टाफ्स आर एन्जॉइन्ड.' स्टाफ्स! खाली मी चारचौघांत लिहिलं, 'स्टाफ' या शब्दाला पुढे स बसत नाही. जुन्या कर्मचाऱ्यांना विचारलं असतंत तर कळलं असतं. आता घाम फुटेल तिला.

९ जुलै, संध्याकाळ

तिला घाम फुटलेला नाही. तिने उत्तर दिलंय, "थँक्यू निनांग!! तुमच्याशिवाय ऑफिस सुनं सुनं." पुढे गुलाबी हृदयांची रांग. माझ्या टोमण्याला बऱ्याच लोकांनी अंगठे दिलेत. टोमणा कळत नाही त्यांना. इंग्रजीच कच्चं, करणार काय.

१७ जुलै

नवी आघाडी. आलिंग सेपा रोज टोपलीभर सुमान घेऊन ऑफिसच्या फाटकाशी बसते. दहाच्या चहाला सगळं ऑफिस केळीच्या पानातल्या त्या चिकट भातावर जगतं. मी तिला गाठून म्हटलं, उद्यापासून तिकडे जाऊ नकोस, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "जात नाही, मॅडम फेली. टोपली तुमच्याकडे उतरवू का? माझं सुमान तत्त्व खात नाही, माणसं खातात."

टोपली घ्यावी लागली.

१८ जुलै

सुमान. सकाळी, दुपारी, रात्री. कोंबड्यालाही दिलं, त्याने मान फिरवली. अंबो म्हणतो, उपाशी जोनालिन राहायला हवी होती, आपण का शिक्षा भोगतोय? आणि आलिंग सेपा दुसरी टोपली घेऊन तिकडे गेलीच होती.

६ ऑगस्ट

शत्रूच्या गोटात शिरले आहे!

जोनालिनने निरोप धाडला, "निनांग, पाठवायच्या आधी एक नजर टाकाल का? तुमचा लाल पेन नसला की मला धडधडतं." सोबत तीन परिपत्रकं. मूर्ख पोर. आता ऑफिसात काय शिजतंय ते आधी मला कळणार. मी साळसूदपणे होकार कळवला.

१४ ऑगस्ट

ती पाठवते आहे, मी तपासते आहे. सकाळी उठून आधी तेच. अंबो म्हणाला, निवृत्त झालीस ना? मग फुकट काम का करतेस? मी म्हटलं, याला हेरगिरी म्हणतात. तो म्हणाला, मग हेराला दुपारी थोडं झोपू तरी देत असतील.

आज मात्र ठरवलं होतं. वाचन महोत्सवाच्या परिपत्रकात एक ठसठशीत चूक मुद्दाम सोडायची. ते सगळ्या शाळांना जाईल आणि खाली सही जोनालिनची.

१४ ऑगस्ट, रात्री जेवल्यावर

नाही सोडली. हात धजेना. शिवाय तिने नको तिथे घातलेला एक स्वल्पविराम होता, तोही काढला. पण यातही डाव आहे. तिला माझी सवय लागली पाहिजे. नंतर आधार एकदम काढून घेईन.

२६ ऑगस्ट

दुबईहून लूर्दचा फोन. लेक तिकडे नर्स आहे, आणि नातीला फक्त इंग्रजी येतं. मी नातीकडे इंग्रजीत तिच्या आईची चौकशी केली. नात खिदळत सुटली. अंबो मागून म्हणाला, "फेली, तू आत्ता विचारलंस, तुझी आई वेळेवर जेवतो का?"

साफ खोटं. लाइन खराब होती. अंबोला इंग्रजी येतंय कुठे?

१ सप्टेंबर

आमच्याकडे सप्टेंबर लागला की नाताळ; गाणी सुरू झाली. बाजारात पहिला कंदील लागला. दर वर्षी आजच्या दिवशी ऑफिसातली झाडाची खोकी मी उघडायचे. यंदा कोणी उघडली, विचारलं नाही. जोनालिनने आपणच फोटो पाठवला. चांदणी वाकडी लावलीय.

११ सप्टेंबर

देवाने ऐकलं!

शिक्षक दिनाच्या कार्यक्रमात आरंभीची प्रार्थना मी म्हणावी, असं ऑफिसचं बोलावणं आलंय. पाच ऑक्टोबर. हॉल तोच, जिथे हसले. माणसं तीच, आणि शिवाय सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक.

प्रार्थनेशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. मुतारीचं उद्घाटन असलं तरी आधी प्रार्थना, मग राष्ट्रगीत. आणि प्रार्थना चालू असताना कोणी टोकत नाही, हसत नाही, घड्याळ दाखवत नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली. त्या शांततेत मी परमेश्वराला जोनालिनची एकेक गोष्ट सांगणार. शुद्ध इंग्रजीत. तिचीही मान खाली असेल, पण शरमेने.

बोलावण्याच्या पत्रात चार चुका होत्या. दुरुस्त करून परत पाठवलं.

१९ सप्टेंबर

मसुदा झाला. आधी स्तुती. आमची बहीण जोनालिन कष्टाळू आहे, मनमिळाऊ आहे, ऑफिसचं नवं रक्त आहे. सगळे मनात म्हणतील, केवढं मोठं मन मॅडम फेलीचं! मग एक श्वास. मग खालच्या आवाजात: पण हे प्रभो, जी आपल्या धर्माच्या आईचा भर सभेत पुरुष करते, उपकारकर्तीला जिवंतपणी 'होता' म्हणते, जिला 'तो' आणि 'ती' कळत नाही आणि तरी जिल्ह्यातल्या लेकरांचं शिक्षण जिच्या हाती आहे, तिच्या जिभेला तू वळण लाव. आमेन.

अंबोला वाचून दाखवलं. म्हणाला, "हे देवाला सांगतेस की मुख्याध्यापकांना?" मी म्हटलं, ऐकतील दोघंही. तो म्हणाला, "अगं, पोर होती. घाबरली होती. कागद थरथरत होता तिचा, मी पुढेच बसलो होतो."

मीही पुढेच होते. मला काही थरथरलेलं दिसलं नाही.

२९ सप्टेंबर

शिंपिणीकडून नवा टेर्नो, आमचा सणासमारंभाचा झगा, आला. बाह्या फुलपाखरासारख्या उभ्या आहेत. आरशात बघितलं. कोणाची बिशाद आहे 'तो' म्हणायची.

४ ऑक्टोबर

अंगणात तालीम. बिनचूक. कोंबडा मान खाली घालून ऐकत होता. मी अंबोला इंग्रजीतच म्हटलं, बघ, तीसुद्धा शांत बसली. अंबो म्हणाला, "कोण ती?" मी म्हटलं, कोंबडा. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हातारपणी माणूस असा उगीच बघत बसतो.

५ ऑक्टोबर, सकाळी

बाराको कॉफी, बिनसाखरेची. घसा मोकळा आहे. पाठ चोख. कागद घरीच ठेवतेय. सूड कागदात बघून घेत नाहीत.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी

कार्यक्रम झाला.

शुक्रवारी आमच्याकडे मांस नसतं, म्हणून अंबोने मुगाची आमटी केलीय. मला भूक नाही.

६ ऑक्टोबर

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते.

हॉल भरला होता. मी माईकसमोर उभी राहिले. म्हटलं, आपण सगळे डोळे मिटू या. सगळ्यांनी मिटले. मीही मिटले. पहिली ओळ उत्तम गेली. प्रभो, आमची बहीण जोनालिन हिच्याकडे पाहा. मग मी डोळे उघडले. बाण बरोबर लागतोय ना, बघायला. अख्ख्या हॉलमध्ये उघड्या डोळ्यांची एकच व्यक्ती होती. पहिल्या रांगेत. माझी पाठीची उशी मांडीवर घेऊन, मला द्यायला आणलेली. माझ्याकडे बघून तिने अंगठा वर केला.

मी म्हणाले, "तो कष्टाळू आहे."

माझ्या कानांनी ऐकलं. थांबायला हवं होतं. पण पाठांतर एकदा सुटलं की थांबत नाही. "तो मनमिळाऊ आहे. तो आमच्या ऑफिसचं नवं रक्त आहे." खाली घातलेल्या माना हलायला लागल्या. खांदे उडायला लागले. प्रार्थनेत हसत नाहीत, म्हणून त्यांना जास्तच येत होतं. मी घाबरून माता मरियेचा धावा केला आणि तिलाही 'तो' म्हणाले.

मग श्वास घेतला. तोच तो श्वास, पुढच्या भागाच्या आधीचा. तेवढ्यात मागच्या रांगेतून तोच मेला आवाज, "आमेन, सर!" सगळे म्हणाले, आमेन. आणि राष्ट्रगीताची टेप लागली. छातीवर हात ठेवून उभी राहिले. करणार काय?

म्हणजे माझी प्रार्थना जेवढी झाली, तेवढी निव्वळ स्तुती झाली.

चहाच्या वेळी जोनालिन आली ती रडतच. सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली. टेर्नोची उजवी बाही कायमची बसली. म्हणाली, "निनांग, कळलं मला. तुम्ही मुद्दाम केलंत. त्या दिवसापासून सगळे मला चिडवायचे, 'तो आली का' म्हणायचे, मी राजीनामा लिहून ठेवला होता. आता कोणाची हिंमत नाही. तुमच्यासारख्या बाईने माझ्यासाठी एवढ्या लोकांत..."

सुपरिंटेंडंट साहेब डोळे पुसत म्हणाले, याला म्हणतात मोठेपणा. माझ्या तोंडात सुमान होतं.

६ ऑक्टोबर, दुपारी

अंबोने विचारलं, "मुद्दाम केलंस?"

मी म्हटलं, अर्थात.

तो "बरं" म्हणाला आणि कोंबड्याला मका घालायला गेला. मग कुंपणाशी मला ऐकू येईल अशा बेताने त्याला म्हणाला, "ऐकलंस ना? मुद्दाम."

कालची आमटी खाल्ली. मूग नीट शिजले नव्हते. कच्चट लागत होते.

८ ऑक्टोबर

विचार केला. मुद्दामच केलं असणार. नाहीतर माझ्यासारखीच्या तोंडून असं जाईलच कसं? आतून क्षमा झालेली असते, जिभेला ती आधी कळते. म्हणजे जोनालिनचं माझ्यावर नाही, माझं तिच्यावर ऋण चढलंय, आणि या वेळी ते भारी आहे. याचा उपयोग करून घेता येईल. सूड रद्द झालेला नाही. पुढे ढकलला आहे.

२२ ऑक्टोबर

आज बाजारात आलिंग सेपा लांबूनच ओरडली, "काय घेणार, सर?" तिला कोणी सांगितलं?

१२ नोव्हेंबर

ऑफिसच्या नाताळ पार्टीत घ्यायचा सूड मनात तयार आहे. या वेळी बोलायचं नाही. नुसतं बघायचं. बघण्यात व्याकरण नसतं.

जोनालिनने आज पार्टीचा फ्लेक्स तपासायला पाठवला. भला मोठा, फाटकावर लागणार. मधोमध माझा फोटो, टेर्नो घातलेला, एक बाही उभी, एक बसलेली. खाली सोनेरी अक्षरांत: 'अवर गेस्ट ऑफ ऑनर अँड पिलर, सर फेली'. सोबत निरोप, "चुका असतील तर सांगा हं, निनांग. 'सर' मात्र कोणालाच काढवेना."

लाल पेन घेऊन बसले. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. 'ऑनर'चं स्पेलिंग सुधारलं. 'ख्रिसमस'मध्ये एक अक्षर राहिलं होतं, ते दिलं.

'सर'पाशी बराच वेळ थांबले. मग पुढे गेले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही.