कोरडी नळी

४ तारीख, मंगळवार

पुन्हा कोरडं! सिस्टरनी घरी येऊन नळी साफ केली तर आतून निघालं ते वाळलेल्या डिंकासारखं. मशीनची ऊब कुणी कमी केली, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, हिचाच हात लागला असेल. माझा! गळ्यात नळी, आवाज बंद — मग माझ्या नावावर काहीही खपवा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

५ तारीख, बुधवार

सिस्टरनी ह्यांना पुन्हा बसवून समजावलं. हवा नाकातून गेली की वाटेतच गरम होते, ओली होते. माझी गळ्याच्या भोकातून थेट आत जाते. म्हणून पलंगाशेजारचं मशीन भांड्यातलं पाणी तापवून हवेला ऊब नि ओल देतं. आकडा सदतीस, त्याला हात लावायचा नाही. कफ पातळ राहिला तर डॉक्टर पुढच्या आठवड्यात नळी काढणार — आणि मी बोलणार!

ह्यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. दुपारी बघते तर आकडा एकतीस. पालथ्या घड्यावर पाणी.

६ तारीख

शेजारीण येऊन तासभर ओरडून बोलली. बाई गं, गळा गेलाय, कान नाही! पाटीवर तसं लिहिलं तर म्हणाली, अक्षर किती सुरेख.

८ तारीख, शनिवार

पकडलं! मी डोळे मिटून पडले होते. हे चोरपावलांनी आले आणि आकडा खाली आणू लागले. मी चमच्याने पलंग बडवला. दचकून म्हणाले, मशीनच्या नळीत पाणी साचतं गं, बघवत नाही. जन्म पाणीपुरवठ्यात गेला, कुठे थेंब दिसला की ह्यांचे हात शिवशिवतात. पाटीवर लिहिलं — साचलेलं पाणी बाटलीत ओता, ऊब कमी करू नका. लगेच ओतलं. मला वाटलं, चला, मिटलं.

११ तारीख, मंगळवार

मिटलं कसलं! डॉक्टर म्हणाले, कफ अजून घट्ट आहे, नळी इतक्यात नाही. मी पाटी फेकली. फुटलीही नाही, तेवढंही सुख नाही.

मग ह्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. परीक्षा पुढे गेलेल्या पोरासारखं हलकं झालेलं! माझं रक्तच तापलं.

१२ तारीख

सरळ लिहून विचारलं — नळी निघू नये असं वाटतं का तुम्हाला?

बराच वेळ टॉवेलची घडी घालत बसले. घातलेलीच पुन्हा मोडून घातली. मग म्हणाले,

"काही झालं तर मशीन शिटी तरी मारतं. तू स्वयंपाकघरात पडलीस तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. हे मशीन गेलं की मला कोण सांगणार?"

वाईट वाटलं. पण राग गेला नाही, खोटं कशाला लिहू. तुमच्या भीतीपायी मी जन्मभर पाटी घेऊन बसू? — एवढं लिहून पाटी त्यांच्याच हातात दिली. मशीन माझ्या बाजूला वळवून घेतलं. आता आकडा माझ्या ताब्यात.

१३ तारीख

अबोला. मी एरवीही बोलत नाहीच म्हणा, पण आज ह्यांच्या लक्षात आलं.

१९ तारीख, बुधवार

कफ पातळ! डॉक्टर खूश. उद्या दवाखान्यात जायचं. ह्यांनी पिशवी भरली, तीत माझे तीन स्वेटर कोंबले. एवढ्या उकाड्यात! राहू दिले.

२३ तारीख, रविवार

घरी आले. गळ्यावर नुसती पट्टी, आवाज घोगरा. मशीनची जागा रिकामी.

दुपारी डोळा लागला. जाग आली तर नाकाखाली ह्यांचा तळहात. मी डोळे उघडले नाहीत. श्वास मात्र जरा जोरात सोडला.