तळमजल्यावर शिवणयंत्र चालू राहावं म्हणून

बाबा एकदा वकिलांना म्हणाले होते, "हिच्या हातात पटाशी द्या, पण कागद देऊ नका." त्यांची क्षमा मागून हा कागद घेतला आहे.

मी, वय सेहेचाळीस, धंदा जुन्या लाकडी खिडक्यांची दुरुस्ती, राहणार याच घराचा वरचा मजला, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही; दबाव मीच टाकणार आहे. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किरकोळ आहे. मग पुन्हा तेच म्हणाल्या, म्हणून लिहायला बसले.

१. घर माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. अट एकच: तळमजल्यावरची शिंपीणमावशी हयात असेपर्यंत तिथेच राहील आणि तिथेच शिवेल. दादा गल्ली जतन समितीचा अध्यक्ष आहे. इथे पूर्वी लोक कसे राहत, याचं संग्रहालय त्याला तळमजल्यावर करायचं आहे, आणि त्यासाठी तिथे राहणारीला हलवायचं आहे. मावशी त्याला एवढंच म्हणाली, "मग मलाच काचेत ठेव की. कपडेही शिवीन."

२. पटाशा, रंधे आणि करवती भाचीलाच. तिने खिडक्या दुरुस्त कराव्यात, पण त्या उघडतील अशा. समितीने समोरच्या ओळीतल्या खिडक्या इतक्या सुंदर करून दिल्या की आता त्या उघडायला अर्ज करावा लागतो.

३. समितीला माझा खराटा. गल्लीच्या झिजलेल्या पायऱ्या काढून समितीने नव्या बसवल्या. त्या जुन्या दिसेनात, म्हणून पाथरवटाकडून मधोमध खोलगट करून घेतल्या. आता त्यांत पाणी साचतं. उद्घाटनाला खजिनदारबाई पहिल्याच पायरीवर बसल्या, त्या हौसेने नव्हे. समितीने रोज पाणी काढावं.

४. माझी बचत तळमजल्याच्या ओलसर भिंतीला चुन्याचा गिलावा करण्यासाठी आणि मावशीला घरातच संडास बांधून देण्यासाठी. सध्याचा अंगणापलीकडे आहे आणि तिचे गुडघे दुखतात. ज्यांना तो जतन करण्यासारखा वाटतो, त्यांनी तो आठवडाभर वापरावा.

५. शेवटचं दादासाठी. दादा, गल्ली पाडायला यंत्र आलं तेव्हा तू त्याच्यापुढे खुर्ची टाकून पेपर वाचत बसलास. चालकाने हॉर्न वाजवला, तू पान उलटलंस. शेवटी यंत्रच परत गेलं. समितीच्या एकाही पाटीवर हे लिहिलेलं नाही, म्हणून इथे नोंदवते. तुझ्याइतका हट्टी माणूस या गल्लीत दुसरा नाही, आणि तुझ्या समितीला अडवायला तसलाच लागेल. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी तू करावीस, ही विनंती. तू नाही म्हणशील, तावातावाने म्हणशील. तरी सहीची जागा ठेवली आहे.

साक्षीदार: १. समोरचे घड्याळवाले काका (सही) २. कोपऱ्यावरची औषधवाली (सही)
शिंपीणमावशीला लाभ मिळणार असल्याने तिची सही घेता आली नाही. ती रुसली आहे.

स्थळ: खिडकीजवळचं कामाचं टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार
लिहून देणार: (सही)
अंमलबजावणी करणार, थोरला भाऊ: ....................